खंडे ओलांडायला किती सीसी लागतात?

पुण्या-मुंबईच्या दुचाकीवरच्या भटक्यांमध्ये एक मत आता शास्त्रवचनासारखे बोलले जाते. देशाबाहेर पडून रस्त्यारस्त्याने एका खंडातून दुसऱ्या खंडात जायचे, तर गाडी किमान चारशे सीसीची हवी. मोठी चाके, रुंद हँडल, दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या, इंजिनाभोवती क्रॅश गार्ड. स्कूटर ही भाजी आणायची आणि मुलांना शिकवणीला सोडायची वस्तू. तिच्यावर बसून कोणी इस्तंबूलची भाषा करू लागला, तर तो एक तर प्रसिद्धीला हपापलेला, नाही तर अजून कुठे गेलेलाच नसलेला. असे बोलणारी माणसे घरबशी नसतात. लडाख, स्पिती, तवांग त्यांनी पालथे घातलेले असते. त्यामुळे त्यांचा पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. दुबळा करून पाडण्यात काही मौज नाही.

तो असा. शंभर-सव्वाशे सीसीच्या स्कूटरची ताकद सात-आठ अश्वशक्ती. उंचीवर हवा विरळ होते आणि दर हजार मीटरला साध्या इंजिनाची साधारण दहा टक्के ताकद गळते. चाक दहा किंवा बारा इंची. मोटारसायकलचे एकोणीस इंची चाक ज्या खड्ड्यावरून सरकून जाते, त्यात स्कूटरचे चाक उतरते. टाकी पाच लिटरची. सामानाला जागा नाही. ताशी ऐंशीने येणाऱ्या ट्रकच्या पुढे पंचेचाळीसने चालणारी गाडी म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय काही देशांत छोट्या इंजिनाला द्रुतगती मार्गावर चढूच देत नाहीत. यातले एकही विधान खोटे नाही. खोट आहे ती त्यांवरून काढलेल्या निष्कर्षात.

‘हे होतच नाही’ या भागाचे उत्तर इतिहासात आयते आहे, म्हणून तिथून सुरुवात करू. व्हेस्पा १९४६ साली इटलीतल्या पोंतेदेरा येथे पियाजिओच्या कारखान्यात जन्मली. तिचा रचनाकार कोरादिनो दास्कानिओ हा हेलिकॉप्टरचा अभियंता. मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे. साखळीच्या तेलाने कपडे खराब होतात आणि पंक्चर झालेले चाक काढणे जिकिरीचे, या त्याच्या तक्रारी. म्हणून त्याने साखळी काढून टाकली आणि पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले, म्हणजे नट सोडून ते चटकन बदलता येईल. इंजिन ९८ सीसी, ताकद जेमतेम ३.२ अश्वशक्ती. या गाडीच्या वंशजांवर लोक लवकरच दूर दूर जाऊ लागले. १९६२ साली सांतिआगो गियेन आणि आंतोनिओ वेसियाना हे माद्रिदचे दोन विद्यार्थी दीडशे सीसीच्या व्हेस्पावर जगप्रदक्षिणेला निघाले आणि ७९ दिवसांत परतले. साल्वादोर दालीने तिच्या पत्र्यावर आपल्या हाताने रंगकाम केले होते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला इटालियन पत्रकार रोबेर्तो पात्रिन्यानी मिलानहून व्हेस्पानेच गेला.

या परंपरेतला सर्वांत मोठा माणूस मात्र जॉर्जो बेत्तिनेल्ली. जुलै १९९२ मध्ये तो रोमहून निघाला आणि मार्च १९९३ मध्ये सायगावला पोहोचला. १९९४-९५ मध्ये अलास्का ते तिएरा देल फुएगो, ३६,००० किलोमीटर. १९९५-९६ मध्ये मेलबर्न ते केपटाऊन, ५२,००० किलोमीटरच्या वर. मग १९९७ मध्ये चिलीहून निघून तीन वर्षे आठ महिन्यांनी टास्मानियाला. १,४४,००० किलोमीटर आणि ९० देश. सगळे व्हेस्पावर. २००८ मध्ये चीनमध्येच तो वारला, तोपर्यंत चीनचे प्रांतही त्याचे स्कूटरवरून पाहून झाले होते.

यावर जाणकार आक्षेपक हसून म्हणेल, की हे अपवाद आहेत. जे पोहोचले त्यांची नावे राहिली. जे अर्ध्या वाटेत स्कूटर टाकून परत आले त्यांची कोण नोंद ठेवतो? आणि बेत्तिनेल्लीच्या पुढच्या प्रवासांना खुद्द पियाजिओचे पाठबळ होते. दोन्ही मुद्दे मान्य. दृष्टान्ताने शक्यता सिद्ध होते, योग्यता होत नाही. म्हणून इथून पुढे वीरकथा बाजूला ठेवून हिशेब करू. चारशे सीसीवाल्यांचा पक्ष हिशेबात टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे.

मुळात हे मत आले कुठून? माझ्या मते दोन ठिकाणांहून. पहिले लडाख. मराठी दुचाकीस्वाराची मोठ्या प्रवासाची कल्पना मनाली-लेहच्या रस्त्यावर घडलेली असते. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर. तांदीच्या पंपावरची ती प्रसिद्ध पाटी सांगते, की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. पाण्याचे नाले, रेतीचे पट्टे, विरळ हवा. हा अनुभव खरा आणि कठीण, पण तोच सगळ्या जगाचा मापदंड करणे हा अतिव्याप्तीचा दोष झाला. इराणमधून तुर्कस्तानात आणि तिथून युरोपात जाताना वाटेतल्या खिंडी साधारण दोन ते अडीच हजार मीटरच्या असतात. लेह शहरच साडेतीन हजारांवर आहे. साडेचार हजार मीटरच्या वर नेणारे रस्ते जगात मोजके: पामीर, तिबेट, अँडीज. ज्याला तिथे जायचेच आहे त्याने त्या तुकड्याचा वेगळा विचार करावा. पंचवीस हजार किलोमीटरच्या प्रवासासाठी यंत्र निवडताना त्यातल्या पाचशे किलोमीटरना मताधिकार किती द्यायचा, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आणि ताकदीचेच बोलायचे तर खारदुंग लावर साध्या इंजिनाची ताकद निम्म्यावर येते, म्हणजे आजच्या अ‍ॅक्टिव्हाकडे चारच्या जवळपास अश्वशक्ती उरते. १९४६ च्या व्हेस्पाकडे समुद्रसपाटीला त्याहून कमी होती. दर उन्हाळ्यात तिथे स्कूटर पोहोचतात. हळू पोहोचतात, कधी मागचा माणूस उतरून चालतो, पण पोहोचतात. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले, त्यामुळे उंचीवर मिश्रण बिघडून धूर ओकण्याचा जुना त्रासही बराच कमी झाला आहे.

दुसरे उगमस्थान म्हणजे दूरचित्रवाणी. २००४ साली इव्हान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन नट लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कला पोहोचले. त्यांच्याकडे बीएमडब्ल्यूच्या साडेअकराशे सीसीच्या गाड्या होत्या, सोबत मदतीच्या मोटारी आणि माणसे. ‘लाँग वे राउंड’ या त्यांच्या मालिकेने जगभरच्या दुचाकीस्वारांच्या डोक्यात प्रवासाचे एक चित्र पक्के केले आणि कंपन्यांनी ते विकले. पण त्याच मालिकेतला एक प्रसंग चाहते विसरतात. मंगोलियात कॅमेरामन क्लाउडिओ फॉन प्लांटा याच्या बीएमडब्ल्यूची फ्रेम मोडली. मग काय केले? तिथल्या तिथे एक रशियन बनावटीची, स्वस्त, लाल रंगाची इझ प्लॅनेटा विकत घेतली आणि त्याला तिच्यावर बसवून पुढे गेले. ती वाटेत बंद पडतही होती. पण कोणत्याही गावात ती उघडून पुन्हा चालू करणारा माणूस सापडत होता. चारशे सीसीचा पक्ष ज्या मालिकेच्या आधारावर उभा आहे, तिच्यातलाच हा पुरावा.

आता वेगाकडे. मोठी गाडी लवकर नेते, हे गृहीत धरलेले असते, तपासलेले नसते. बेत्तिनेल्लीच्या सर्वांत लांब प्रवासाची दिवसाची सरासरी काढली तर ती १०७ किलोमीटरच्या आसपास भरते. टेड सायमन १९७३ ते १९७७ पाचशे सीसीच्या ट्रायम्फवर जगभर फिरला, साधारण एक लाख किलोमीटर; त्याची सरासरी दिवसाला सत्तर. मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सायकलवर निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर करून परतले. सरासरी ४४. म्हणजे सायकलवाले चव्वेचाळीस, पाचशे सीसीवाला सत्तर, व्हेस्पावाला एकशे सात. ही शर्यत नाही आणि यावरून स्कूटर ट्रायम्फपेक्षा वेगवान ठरत नाही, हे मलाही कळते. दिसते ते एवढेच, की लांबच्या प्रवासाची सरासरी इंजिन ठरवत नाही. ती ठरते व्हिसाच्या रांगेत, बंदरावर अडकलेल्या पेटीपाशी, तापाने आडवे झालेल्या आठवड्यात, पावसात, आणि आवडलेल्या गावात जास्त राहिलेल्या दिवसांत. अगदी मॅकग्रेगर-बूरमन यांनी सगळा लवाजमा घेऊन साडेतीन महिन्यांत ३०,००० किलोमीटर केले, तरी सरासरी पावणेतीनशेच्या पलीकडे फारशी गेली नाही. पंचेचाळीसच्या गतीने सहा तास चालवले तर स्कूटरही तितकीच जाते. रोज सहा तास बसवते का, हा पाठीचा प्रश्न आहे आणि तो मोठ्या गाडीवरही सुटत नाही.

इथे एक आक्षेप असा आहे, की तो घेणारा खरोखर विचार करणारा असतो. तो म्हणतो: बेत्तिनेल्लीकडे इटालियन पासपोर्ट होता. भारतीय पासपोर्टवाल्याला व्हिसा मोजून मिळतो, तारखा ठरलेल्या असतात, मग वेग हवाच. पूर्वपक्षातला हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. शेंगेन देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवसच राहता येते. शिवाय तो व्हिसा साधारणपणे स्वतःच्या राहत्या देशातूनच मागावा लागतो आणि प्रवासाच्या सहा महिन्यांच्या आधी अर्जही घेत नाहीत. आठ महिन्यांच्या वाटेवर असलेल्या माणसाला ही मोठी अडचण आहे. पण हिशेब काय सांगतो? शंभरच्या सरासरीने नव्वद दिवसांत ९,००० किलोमीटर होतात. अथेन्सहून लिस्बनला जाऊन परत यायला ते पुरतात. इराणमध्ये बंदर अब्बासहून तुर्कस्तानच्या सीमेवरच्या बझारगानपर्यंत साधारण सव्वादोन हजार किलोमीटर; तीस दिवसांच्या व्हिसात रोज दीडशे केले तर निम्मा महिना उरतो. सर्वांत कडक उदाहरण तुर्कमेनिस्तानचे. कोविडच्या आधी तिथे पाच दिवसांचा पारगमन व्हिसा मिळे आणि सरख्सपासून उझबेकिस्तानच्या सीमेपर्यंतचे सुमारे पाचशे किलोमीटर वाळवंट त्यात पार करावे लागे. ते सायकलस्वार करत. जिथे सायकल वेळेत पोहोचते तिथे स्कूटरला वेग कमी पडतो, असे म्हणणे मला पटत नाही. व्हिसाची अडचण वेगाने सुटत नाही. ती सुटते अर्जांचा क्रम लावल्याने, आणि कधी कधी गाडी एखाद्या देशात रीतसर ठेवून विमानाने घरी येऊन नवा अर्ज केल्याने.

व्हिसानंतर कार्नेट. हा प्रवाशाचा पासपोर्ट नव्हे, गाडीचा. परदेशी सीमाशुल्क खात्याला दिलेली ती हमी आहे, की ही गाडी इथे विकली जाणार नाही, आली तशी बाहेर जाईल. युरोपात आणि मध्य आशियाच्या बऱ्याच भागात तो लागत नाही. इराण, इजिप्त, पूर्व आफ्रिकेतले काही देश यांना लागतो. आपल्याकडे तो मुंबईत चर्चगेटला असलेली, १९१९ मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते. त्यासाठी बँक हमी किंवा अनामत ठेवावी लागते, ती गाडीच्या किमतीच्या प्रमाणात. आणि मार्गात कोणते देश येतात यावर ते प्रमाण ठरते, किमतीच्या काही पटही होऊ शकते. उदाहरणापुरते दुप्पट धरा. साठ हजार किमतीच्या वापरलेल्या स्कूटरला एक लाख वीस हजार अडकतात, तीन लाखांच्या मोटारसायकलला सहा लाख, वीस लाखांच्या बीएमडब्ल्यूला चाळीस लाख. हा पैसा खर्च होत नाही, पण वर्ष-दीड वर्ष हलवताही येत नाही. गाडी चोरीला गेली, जळाली, दरीत गेली आणि सीमाशुल्क खात्याचा शिक्का मिळाला नाही, तर हमी वटवली जाते. ‘बिघडली तर तिथेच टाकून येऊ’ अशी भाषा स्कूटरप्रेमीही करतात. कार्नेटवर नेलेली कोणतीही गाडी अशी टाकून येता येत नाही. फरक एवढाच, की वाईटात वाईट घडले तर एक माणूस सावरतो आणि दुसऱ्याचे घर गहाण पडते.

तसेच मालवाहतुकीचे. मुंबईहून पश्चिमेला रस्त्याने जाता येत नाही. अटारी-वाघाचे दार २०२५ पासून बंद आहे. पूर्वेला म्यानमार २०२१ च्या लष्करी उठावापासून जवळपास मिटलेला. त्यामुळे न्हावा शेवाहून जेबेल अली आणि पुढे, इराणचे दार उघडे असेल तेव्हा, आखातातून बोटीने बंदर अब्बास, ही वाट उरते. समुद्रावर भाडे घनफळावर, विमानात घनफळी वजनावर: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहा हजाराने भागायचे. पुढचे चाक काढून बांधलेली स्कूटरची पेटी १७० बाय ६० बाय ११० धरली तर १८७ किलो येते. मोठ्या मोटारसायकलची २१० बाय ८० बाय १२० धरली तर ३३६. खंड बदलताना असे भाडे एकदाच द्यावे लागत नाही. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये तर रस्ताच नाही, तिथे सगळ्यांना बोट किंवा विमान. शंभर किलोची गाडी बोटीत चढवायला दोन माणसे पुरतात. सामानासकट तीनशे किलोचे धूड वाळूत आडवे झाले की एकट्या माणसाला ते उभे करता येत नाही, हे मोठ्या गाडीवाल्यांना पक्के माहीत असते. ते तो विषय काढत नाहीत, इतकेच.

दुरुस्तीबद्दल स्कूटरच्या बाजूने बरीच अतिशयोक्ती केली जाते, तीही खोडली पाहिजे. ‘कुठेही मिस्त्री मिळतो’ हे अर्धसत्य आहे. जुनी व्हेस्पा पीएक्स किंवा आपली चेतक यांच्याबाबत ते बरेच खरे. दोन्ही चाके सारखी, मागे स्टेपनी, रिम दोन तुकड्यांची म्हणून रस्त्याच्या कडेला ट्यूब बदलता येते, गिअर हातात, क्लचची वायर तुटली तर दुसरी ओवायची. म्हैसूरच्या एका मुलाने वडिलांच्या २००० सालच्या चेतकवर आईला मागे बसवून २०१८ पासून भारत, नेपाळ, भूतान आणि म्यानमार फिरवला. एवढ्या जुन्या गाडीने तो भार झेलला तो या साधेपणामुळे. पण आजची गिअर नसलेली स्कूटर वेगळी जात आहे. तिच्यात रबरी पट्टा असतो, तो साधारण २४,००० किलोमीटरला बदलावा लागतो, आणि रिकाम्या माळावर तुटला तर जुगाड चालत नाही. अगदी बारामतीत २०१२ पासून बनणारी व्हेस्पाही पट्ट्याचीच. म्हणून अशा गाडीवर निघणाऱ्याने एक पट्टा, रोलरचा एक संच आणि ते बदलण्याची हत्यारे सोबत ठेवावीत, आणि ते काम घरी असतानाच एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे. पूर्व आफ्रिकेत आणि नायजेरियात वाहतुकीचा मोठा भार महाराष्ट्रातल्या कंपनीच्या बजाज बॉक्सरवर आहे, म्हणून तिथे आपल्या स्कूटरचे भाग मिळतील, असे समजू नये. मिळतो तो छोट्या इंजिनाला सरावलेला हात. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर नागरिकांच्या २५० सीसीच्या वरच्या मोटारसायकलींना बंदी आहे. तिथला मिस्त्री आयुष्यभर सव्वाशे सीसीच खोलत आला आहे. लॅपटॉप जोडल्याशिवाय दोष न सांगणाऱ्या गाडीपुढे त्याचे ते ज्ञान फुकट जाते.

टाकी आणि सामान हे मुद्दे मी झटकन संपवतो. ५.३ लिटरची टाकी ४५ च्या मायलेजने सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे जाते. पाच लिटरचा कॅन बांधला की साडेचारशे. तांदीची पाटीही त्यात बसते आणि पामीरमधले मुर्गाब ते खोरोग हे सुमारे ३१० किलोमीटरही. त्या पाच लिटरचे वजन चार किलोही भरत नाही. सामानाला जागा नाही, हे ज्या देशात भरलेला गॅस सिलिंडर, म्हणजे तीस किलोचा ऐवज, चेतकच्या पायापाशी उभा करून घरी आणला जातो, त्या देशात तरी कोणी म्हणू नये. वजन तिथेच, खाली आणि मध्ये, ठेवायचे असते. मागच्या कॅरिअरवर डोंगर रचला की पुढचे चाक हलके होते आणि मग गाडी वळणावर ऐकत नाही.

आता जे मान्य करायचे ते स्वच्छ मान्य करतो. लहान चाकाचा दोष भौतिक आहे, कौशल्याने तो कमी होतो, जात नाही. खराब रस्त्यावर अंधारात स्कूटर चालवू नये. पॅटागोनियातल्या आडव्या वाऱ्यात हलकी गाडी धोक्याची आहे. दोघांनी बसून पामीर करायला सव्वाशे सीसी मी सुचवणार नाही. ट्रकचा मुद्दाही खरा आहे, आणि त्याला उत्तर एकच: मुख्य महामार्ग सोडून समांतर जुना रस्ता धरणे. तशीही जपानमध्ये १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना द्रुतगती मार्गांवर मनाई आहे, इटलीत २०२४ पर्यंत दीडशेच्या खालच्यांना होती, इराणच्या फ्रीवेवर तर कोणत्याच दुचाकीला जागा नाही. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर बाराशे सीसीवालाही चढू शकत नाही. तोही जुन्या रस्त्यानेच खंडाळ्याला जातो.

एवढे सगळे बोलून झाल्यावर माझ्याच पक्षातल्या एका मताचा समाचार घ्यायला हवा, कारण ते मला चारशे सीसीच्या मतापेक्षा जास्त घातक वाटते. छोट्या गाडीचे भक्त सांगतात, की योजना कशाला, गाडी साधी आहे, निघा, रस्ता शिकवतो. लहान गाडीवाल्याला लोक आपणहून मदत करतात, असेही सांगतात. असेल, पण सीमेवरचा अधिकारी गाडी बघून नियम सैल करत नाही. स्कूटरला योजना कमी लागत नाही, जास्त लागते. तिचा पल्ला मर्यादित, म्हणून पंपांमधली अंतरे आधी माहीत हवीत. ती हळू, म्हणून ऋतूंचा आराखडा काटेकोर हवा. मुंबईहून फेब्रुवारीत निघालेला आखाताच्या उन्हाळ्याआधी सुटतो; पण मार्चच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेला नवरोज सुरू झाला की इराणमधली कचेऱ्यांची कामे दोन आठवडे खोळंबतात, आणि पूर्व तुर्कस्तानच्या खिंडींत मार्चमध्ये बर्फ असतोच. उशिरा निघालेला मोठ्या गाडीवाला काही दिवस पळवून तो उशीर थोडाफार भरून काढू शकतो. स्कूटरवाल्याला ती चैन नाही. आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना आरटीओतून एका वर्षासाठीच मिळतो, कार्नेटही एका वर्षाचा. दीड वर्षाचा मार्ग आखणाऱ्याने या दोन तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहाव्यात. प्रवास इथे घडतो किंवा फसतो. इंजिनाचा आकार यात कुठेच येत नाही, आणि आपल्याकडच्या चर्चा मात्र तिथूनच सुरू होतात.

तेव्हा ज्याला खरोखर निघायचे आहे त्याने क्रम उलटा करावा. आधी मार्गातले देश लिहून काढावेत, मग चर्चगेटला जाऊन त्या देशांसाठी हमी किती पडते ते विचारावे, मग व्हिसाच्या तारखा ऋतूंवर बसवून पाहाव्यात, आणि गाडीचा विचार सर्वांत शेवटी करावा. घराखाली चार-पाच वर्षांची, नीट राखलेली स्कूटर उभी असेल, तर मोठी गाडी घेण्यासाठी पैसे साठेपर्यंत प्रवास पुढे ढकलायला मला तरी एकही सबळ कारण दिसत नाही.